कडी न निघणारी ज्वारी

मोनिकाचा राग पडेगावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बघायला आलेल्या मुलानं "एवढं शिकून शेवटी घरच सांभाळायचं ना?" असं विचारलं, तर तिनं त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली आणि सरळ आत नेऊन ठेवली. पाहुणे उपाशी परतले. आवडाबाई, तिची आई, तेव्हापासून सांगायची की आमच्या पोरीच्या नाकावर राग नसतो, पोरगीच रागाच्या नाकावर बसलेली असते. पण तो राग यायचा तसा जायचाही. संध्याकाळी आईच्या हातची भाकरी खाल्ली की मोनिका निवळायची.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. शहरात आठ-आठ दिवस नळ येत नव्हते, आणि तरी शहर वाढतच होतं. दौलताबादच्या रस्त्यानं पडेगाव गिळून ते पुढे सरकत होतं. मोनिकाचे वडील पुंजाराम यांच्या शेताला तीन बाजूंनी प्लॉटिंगच्या भिंती लागल्या होत्या. चौथ्या बाजूला गायरान होतं, तिथं आता एका खासगी संस्थेचं संशोधन केंद्र उभं होतं. ज्या गायरानात मोनिकानं लहानपणी गुरं राखली, तिथंच ती आता पांढरा कोट घालून पीएचडीचं काम करत होती. गावाला याचं फार कौतुक होतं. गुरांनी कुठं चरावं हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तिचं काम ज्वारीतल्या एका प्रथिनावर होतं. पेशीच्या गाभ्यात डीएनएचा लांबच लांब दोरा असतो. तो मोकळा पडलेला नसतो, प्रथिनांच्या बारीक बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. दोरा गुंडाळलेल्या अशा एका रिळाला न्यूक्लिओसोम म्हणतात, आणि या सगळ्या रिळांची माळ म्हणजे क्रोमॅटिन. माळ जिथं सैल असते तिथली जनुकं वाचली जातात आणि कामाला लागतात. जिथं घट्ट होते तिथली मुकी राहतात. मोनिकाचं प्रथिन यायचं आणि दोरा रिळावर जिथून चढतो आणि जिथून उतरतो, नेमकं तिथं बसायचं. बसलं की रीळ बंद, दाराला कडी घातल्यासारखं. कागदोपत्री त्याला अक्षरांचं आणि आकड्यांचं अवघड नाव होतं. मोनिका त्याला कडीच म्हणायची.

ज्वारीला पाण्याचा ताण पडला की ती ही कडी भराभर तयार करते. वाढायचं, निसवायचं म्हणजे कणीस बाहेर काढायचं, दाणे भरायचे, अशी सगळी खर्चाची दारं लावून घेते आणि गप्प उभी राहते. पाऊस आला की कड्या निघतात आणि धाट पुन्हा वाढीला लागतं. पण संस्थेत क-सात नावाचा एक वाण तयार झाला होता, बियाण्यावर किरणं सोडून केलेल्या रोपांतून निवडलेला. त्याच्यात ताणाची कडी एकदा बसली की निघायचीच नाही. भरपूर पाणी असेल तर क-सात चारचौघींसारखी वाढायची, निसवायची, दाणे द्यायची. ताण दिला की मात्र गुडघ्याएवढी होऊन थांबायची आणि तशीच कोवळी, हिरवीगार राहायची. शेजारच्या कुंडीतली साधी ज्वारी करपून जायची, आणि ही आपली पोपटासारखी हिरवी.

मोनिकाचे मार्गदर्शक डॉक्टर हेमचंद्र या हिरव्या रंगावर भाळले. हेमचंद्र सरांचं घराणं औरंगपुऱ्यातलं, पिढ्यान् पिढ्या लिहिण्यावाचण्याचं काम करणारं. गाय त्यांनी जवळून पाहिली असेल ती रस्त्यात, स्कूटर अडवून बसलेली. पण माणूस हुशार, बोलायला गोड, आणि वर्तमानपत्रात फोटो कसा येतो हे पक्कं जाणणारा.

"सर, दुष्काळात हिला कणीस येत नाही," मोनिकानं एकदा सांगितलं. "शेतकरी हिचं काय करणार?"

"मग धान्याचा वाण म्हणायचंच नाही. चाऱ्याचा म्हणायचा," सर हसून म्हणाले. "दुष्काळात माणूस रेशनवर जगतो हो. जनावराला हिरवं कोण देतं?"

"पण किराळ?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मोनिकानं सांगितलं, की कोवळी किंवा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी जनावराला घालत नाहीत. तिच्यात विष असतं, पोटात गेल्यावर त्याचं सायनाइड होतं. ज्वारी निसवली की ते कमी होत जातं. या विषबाधेला आमच्याकडे किराळ म्हणतात आणि शेंबड्या पोरालाही ती ठाऊक असते.

"ते आपण बाहेरून तपासून घेतलंय. मर्यादेच्या आत आहे," सर म्हणाले. "तुम्ही तुमच्या प्रथिनाकडे बघा."

मोनिकाला इथंच राग यायला हवा होता. नको तिथं, पोह्यांच्या बशीवरून येणारा राग, पाहिजे तिथं आला नाही. कडी कुठं कुठं बसते याचा तिनं स्वतः काढलेला नकाशा तिच्यासमोर होता. निसवण्याच्या जनुकांवर कड्याच कड्या होत्या. विष तयार करणाऱ्या जनुकांची दारं मात्र उघडी, ताणातही उघडी. तिनं ते पाहिलं होतं. पण तपासलंय म्हटल्यावर तपासलंय, असं म्हणून तिनं कॉम्प्युटर बंद केला.

ताण दिलेल्या कुंड्यांची एक खेप संपली की शिपाई कचरू ती रोपं उपटून मागच्या भट्टीपाशी ढीग घालायचा आणि जाळून टाकायचा. वाण बाहेर जाऊ नये म्हणून सरांचा तसा हुकूम होता. पुंजारामच्या शेतातून ती भट्टी दिसायची. एकदा रात्री जेवताना आवडाबाईनं विषय काढला.

"काय गं, तुमच्यात हिरवा चारा जाळतेत म्हणं?"

"प्रयोगाचा असतो तो, माय."

"प्रयोगाचा असंल. पर हिरवा हाय ना? हितं गोठ्यात मैना वाळलेलं पाचट चावू चावू दात झिजवायली, अन् तुम्ही हिरव्याला काडी लावता? पाप लागंल. जनावराला चालतंय का ते?"

"सर म्हणतेत तपासलंय म्हणून. चालतंय," मोनिका म्हणाली आणि वाटीतली आमटी भुरकली.

दुष्काळात हिरवी काडी जळताना बघत बसणारी बाई त्या शिवारात अजून जन्मायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई कुंपणापाशी गेली. कचरू तिच्याच भावकीतला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि तारेवरून एक भारा पलीकडं टाकला. वर म्हणाला, "घेऊन जाय काकू, माझाबी हात धजत नाय जाळायला."

मैना ही घरातली एकुलती एक गाय, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, पोटात वासरू असलेली. चारा पाहून तिनं मान उडवली म्हणे. वडिलांचा फोन आला तेव्हा मोनिका प्रयोगशाळेत होती. ती कोटासकट कुंपण ओलांडून धावली. गोठ्यात मैना पाय ताणून आडवी पडली होती. अंग थरथरत होतं, तोंडातून फेस येत होता, प्रत्येक श्वासाला बरगड्या वर येत होत्या. आवडाबाई तिच्या तोंडात गुळाचं पाणी घालायला बघत होती आणि ते सगळं बाहेर येत होतं. "किराळ लागली रं देवा, किराळ लागली," असं ती स्वतःशीच म्हणत होती. जनावरांचे डॉक्टर शहरातून निघाले होते. ते पोचले तेव्हा सुई द्यायला गाय उरली नव्हती. पोटातलं वासरूही गेलं.

"खुरटी ज्वारी खाल्ली का हो?" डॉक्टरांनी विचारलं. पुंजारामनी मोनिकाकडं पाहिलं. मग ते खाली बसून मैनाच्या गळ्यातलं दावं सोडायला लागले, आणि मोनिकाला तेच झोंबलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाय पुरायला जागा नव्हती. पूर्वी गायरानात पुरत. आता तिथं संस्था. प्लॉटवाल्यांनी गेटच्या आतूनच नकाराचा हात हलवला. शेवटी शेताचाच एक कोपरा खणला. जमीन इतकी कडक होती की कुदळीखाली ठिणग्या उडत होत्या.

मोनिका तशीच, मातीच्या हातांनी, संस्थेत गेली. दारात तिला हिमांशू भेटला. हिमांशू हा प्रयोगशाळेतला तिचा ज्युनिअर, शहरातला, साधा मुलगा. तपासणीला पानं त्यानंच पाठवली होती.

"कुठल्या कुंड्यांमधली पाठवलीस?"

"पाणी दिलेल्या, ताई. ती छान निसवली होती. ताणातली खुरटी पाठवली तर नमुना खराब म्हणून परत येईल असं वाटलं." तिचा चेहरा पाहून तो घाबरला. "काय झालं? मी सरांना सांगितलं होतं तसं."

मोनिकाच्या डोक्यात सणक गेली. म्हणजे जो चारा दुष्काळात वाटायचा, तो तपासलाच नव्हता. सुखात वाढलेल्या ज्वारीला विचारून दुःखातल्या ज्वारीचा दाखला घेतला होता. ती केबिनचं दार न वाजवता आत घुसली.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला, "बाहेर कुणाला बोललात का?"

"सर, माझी गाय मेली."

"वाईट झालं. पण ती याच चाऱ्यानं मेली कशावरून? शहरालगतची जनावरं प्लॅस्टिक खातात. ऊन काय कमी आहे? शवविच्छेदन केलंत?"

"किराळीनं मेलेलं जनावर आम्हाला ओळखता येतं."

"ती गावठी समजूत झाली. विज्ञानात पुरावा लागतो, मोनिका. तुम्हाला मी शिकवायला नको."

"पुरावा माझ्या नकाशात आहे. कडी विषाच्या जनुकांवर बसतच नाही. ताणात रोप कोवळंच राहतं आणि विष करतच राहतं. आणि तुम्ही तपासली ती पाणी दिलेली ज्वारी!"

"नमुना नियमाप्रमाणे गेला." सरांचा आवाज जराही चढला नाही. "आणि एक लक्षात घ्या. तुमच्या आईनं संस्थेच्या आवारातून वाण बाहेर नेला. याला चोरी म्हणतात. मी तक्रार करणार नाही, तुमच्याकडे बघून. गाईची भरपाईही करून देऊ. परवा वेरूळला शेतकरी मेळावा आहे, बियाण्याच्या पिशव्या रवाना झाल्यात. शेतकऱ्याची लेक म्हणून सूत्रसंचालन तुम्ही करायचंय. तुमचा प्रबंध माझ्या सहीशिवाय जात नाही, हे मी सांगायला हवं का?"

चोरी! जिनं आयुष्यात शेजारच्या बांधावरची काडी उचलली नाही, तिला चोर म्हणत होता हा माणूस, आणि तेही गोड आवाजात. मोनिकाची कानशिलं तापली. टेबलावरचा काचेचा जड पेपरवेट उचलून भिंतीवर आपटावा असं तिला वाटलं. पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी घोळायला लागलं होतं. या माणसाला खरंच कळत नाही, की कळून कळत नाही? खरंच कळत नसेल तर तो मूर्ख आहे, आणि मूर्खाला समजावता येतं. कळत असेल तर?

"येते मी वेरूळला," ती म्हणाली. सरांना वाटलं, पोरगी वठणीवर आली.

घरी आवडाबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. रिकाम्या दाव्याकडं बघत ती एवढंच म्हणायची, "म्या माझ्या हातानं घातलं गं." मेळाव्याला निघताना मोनिका म्हणाली, "माय, तू बी चल."

"म्या कशाला? मला चोट्टी म्हणलाय ना तो?"

"म्हणूनच चल."

वेरूळला लेण्यांच्या रस्त्यालगत मांडव घातला होता. शेतकरी आसपासच्या गावांतून टेम्पो करून आले होते. चाऱ्याचं नाव काढलं की त्या उन्हाळ्यात माणसं कुठंही यायची. मंचावर क-सातच्या ताणातल्या कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि त्या उन्हाच्या भट्टीत तो हिरवा रंग खरोखर डोळ्यांना गारवा देत होता. मागच्या बायामाणसांत आवडाबाई आणि पुंजाराम बसले होते. अध्यक्ष होते नानासाहेब, दूध संघाचे जुने पुढारी. त्यांनी आपली देवणी गाय मुद्दाम आणली होती, शिंगांना गोंडे बांधून. फीत बीत कापायची नाही, चाऱ्याचं उद्घाटन पहिला घास गाईला देऊनच व्हायचं, असा त्यांचा आग्रह. हेमचंद्र सरांना हे मंचावर बसल्यावर समजलं. मोनिकाला आदल्या दिवशीच समजलं होतं, आणि ती सरांकडे त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

सर छान बोलले. कडीचं नाव न घेता बोलले, दुष्काळावर मात वगैरे. टाळ्या पडल्या. मग कचरूनं कुंडीतली मूठभर क-सात कापली, हळदकुंकू लावून ताटात ठेवली. नानासाहेब उठायला लागले, तेवढ्यात मोनिकानं माईक ओढला.

"नानासाहेब, जरा थांबा. हा वाण सरांच्या मेहनतीचा. पहिल्या घासाचा मान सरांचा."

"व्हय व्हय, बराबर," नानासाहेब खुशीत म्हणाले. "या सायेब, या."

मोनिका खाली उतरली आणि गाईचं दावं तिनं स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतलं. सरांनी घास पुढं केलाच, तर गाईला मागं ओढायची, हे तिचं ठरलं होतं. तसं झालं तर हा माणूस निव्वळ अडाणी आहे, एवढंच सिद्ध होणार होतं. त्या क्षणी तिला मनापासून वाटत होतं की त्यानं घास पुढं करावा.

सर ताट घेऊन आले. फोटोवाला पुढं सरसावला. सरांनी जुडी उचलली, हसले, आणि हात निम्म्यावरच थांबला. गाईनं मान लांब केली, जीभ बाहेर काढली. हात मागं गेला.

"भेऊ नका सायेब, चावत नाय ती," कुणीतरी ओरडलं. मांडवात हशा पिकला.

"पोट भरलेलं दिसतंय तिचं," सर म्हणाले.

"हिचं? सकाळपासनं उपाशी ठिवलीय, तुमच्या घासासाठी," नानासाहेब म्हणाले.

गाय उपाशीच होती. तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि जुडीचं टोक जिभेनं पकडलं. मोनिकानं दावं खेचलं, पण तिच्या आधी सरांनीच दोन्ही हातांनी जुडी हिसकली. पानं फाटली. ताट खाली पडलं. "नको! नको, हिला नको!" सर ओरडले, आणि तो त्यांचा गोड आवाज नव्हता.

हसणं थांबलं. ज्वारी खुरटी, गुडघ्याएवढी, कणसाचा पत्ता नाही, आणि घालणारा माणूस गाईच्या तोंडातून ती ओढून काढतोय. मांडवातल्या माणसांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला, त्यानं मांडीवरची बियाण्याची पिशवी मंचाच्या कडेला ठेवली आणि चालायला लागला. त्याच्या मागून दुसरा उठला.

"हिला नको म्हंजे?" नानासाहेबांनी विचारलं. त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं. "मंग कुणाला?"

उत्तर सरांनी नाही, मोनिकानं दिलं. माईकशिवाय, मांडवाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, की आमच्या मैनाला. पाणी दिलेली ज्वारी तपासायला कशी गेली, ताणातली कुंड्यांत कशी राहिली, आपण स्वतः नकाशा बघूनही गप्प कशा बसलो आणि आईला चालतंय म्हणून कसं सांगितलं, सगळं सांगितलं. प्रबंध गेला हे तिला बोलता बोलताच कळत होतं. त्याचं तिला त्या वेळी काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर फक्त तो मागं आलेला हात होता. म्हणजे केबिनमध्ये ऊन आणि प्लॅस्टिक म्हणत होता तेव्हाही याला ठाऊक होतं.

आवडाबाई माणसांतून वाट काढत पुढं आली. सरांच्या हातात ती फाटकी जुडी अजून तशीच होती. आवडाबाईनं ती त्यांच्या मुठीतून सोडवून घेतली आणि त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"नानासायबाची गाय हाय म्हणून हात मागं आला व्हय रं तुझा?" ती म्हणाली.